कडेचे बेडूक

बाबा : बंद कर ते. आधी बंद कर, मग काय ते सांग.

तायडी : थांबा हो बाबा, दोनच राहिलेत! हा गेला… आणि हा… हुश्श! जिंकले!

बाबा : मी बाहेर गाडी पुसतोय आणि आतून डराव डराव! म्हटलं, गटार तुंबलं की काय पुन्हा. येऊन बघतो तर आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅनेजरीणबाई भिंतीला थपडा मारतायत.

तायडी : भिंतीला नाही, पडद्याला. आणि थपडा कुठल्या? नुसतं बोट लावायचं. खेळ आहे हा. तळ्यातून बेडूक डोकं वर काढतो, त्याला बोट लावलं की बुडतो. नाही लावलं तर तिथेच बसून फुगत राहतो.

बाबा : हा एवढा थोरला पडदा आपण कशासाठी घेतला होता?

तायडी : शिकवायला.

बाबा : काय शिकवायला?

तायडी : चौक, खुणा, वळणं, पार्किंग. पाठ आहे मला, बाबा. पडद्यावरची गाडी बोटानं ओढायची आणि चौकातून काढून दाखवायची.

बाबा : मग कुठल्या चौकात बेडूक येतात, सांगशील का?

तायडी : अहो, सकाळची तुकडी धडा संपला की चपला घालून पसार व्हायची. आता थांबते. ते स्टुलावर बसवलेलं स्टिअरिंग आहे ना, ते मी ह्याला जोडून घेतलंय आणि गाड्यांची शर्यत लावते. अख्ख्या भिंतीएवढा रस्ता समोर! काल तो दंतवैद्य, एवढा गंभीर माणूस, वळणावर गाडी उलटली तर 'आई गं' म्हणून ओरडला. मी तर म्हणते, शनिवारी दुपारी आजूबाजूच्या लोकांना खेळायला बोलवू या. तुम्हाला विचारणारच होते.

बाबा : म्हणजे शाळेची सर्कस करायची! ड्रायव्हिंग म्हणजे खेळ नव्हे, हे मी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बजावतो. आणि इथे माझीच मुलगी बेडूक बुडवत बसलीय. धन्य आहे!

तायडी : एकदा खेळून तर बघा.

बाबा : माझं वय काय, तू सांगतेस काय!

तायडी : घाबरलात.

बाबा : कोण? मी? अगं, अख्खी हयात चाकावर गेली माझी. ट्रक चालवले, बस चालवली, तुझ्यासारख्या अर्ध्या गावाला क्लच कशाशी खातात ते शिकवलं. मी बेडकांना घाबरू?

तायडी : मग या ना इथे. असे पडद्यासमोर, हात पोचेल इतक्या जवळ. लावू?

बाबा : लाव. पण सांगून ठेवतो, हरलीस तर हे बेडूकबिडूक सगळं बंद.

तायडी : आणि तुम्ही हरलात तर शनिवार माझा. चला… सुरू!

बाबा : हा घे. हा घे. ह्याचं तोंड बघा, आता बुडतोयस बघ… हा घे!

तायडी : बापरे, काय हात चालतोय! बाबा, वरती…

बाबा : मधे बोलायचं नाही. ड्रायव्हरशी बोलायचं नाही.

तायडी : अहो, कडेला, कडेला!

बाबा : गप्प! हा घे… हा घे… हा पण घे! संपले? एवढ्यात? काय गं, एकही सुटला नाही. आता बोल. का हवा गेली?

तायडी : बाबा, माझी फिरकी घेताय ना?

बाबा : हरली की फिरकी!

तायडी : एकही सुटला नाही म्हणता? मान वळवा जरा. ह्या बाजूला बघा.

बाबा : अरेच्चा! हे कधी आले?

तायडी : आणि त्या बाजूला. वर. खाली.

बाबा : खेळ संपल्यावर आले वाटतं.

तायडी : नाही हो. केव्हापासून बसलेत! फुगून टम्म झालेत बघा. मधलं तळं साफ आणि चारी कडांना ही बेडकांची रांग. मी घसा फोडून सांगत होते.

बाबा : मग तुझा पडदा कडेला बिघडलाय. बोट लागत नसणार.

तायडी : लागतंय की. हे बघा… हा बुडला. हा पण बुडला. आणि बोट लागायचा प्रश्नच नाही बाबा, तुमचा हातच गेला नाही तिकडे.

बाबा : मी समोर बघत होतो. ड्रायव्हरची नजर समोर पाहिजे. सवय आहे ती, तुला नाही कळायचं. माझ्या नजरेला नावं ठेवू नकोस हं! रस्त्याच्या त्या टोकाला उभ्या गाडीची नंबरप्लेट मी आत्ता इथून वाचून दाखवतो. लायसनच्या वेळी त्या माणसानं अक्षरांचा तक्ता धरला, सगळ्यात खालची ओळ मी धडाधड वाचली. तो म्हणाला, आजोबा, माझ्यापेक्षा तुमचे डोळे चांगले.

तायडी : ते खरं आहे हो. पण सकाळी चहाचा कप कोपरानं पाडलात…

बाबा : तू कडेला ठेवला होतास.

तायडी : तुम्हीच ठेवला होता, बाबा. आणि काल दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. मी हसले तुम्हाला. म्हटलं, बाबांचं पोट पुढे गेल्यामुळे दार पुरत नाही.

बाबा : झालं तुझं? आता डोळे, मग गुडघे, मग म्हणशील म्हाताऱ्याला खाटेवर बसवा.

काकू : येऊ का मास्तर? का लवकर आले मी? बाहेर गाडी चकाचक उभी दिसली, म्हटलं मास्तर तयार आहेत.

बाबा : या या, काकू, अगदी वेळेवर आलात. नाहीतर ही मला आज दवाखान्यातच घालणार होती. शिवणाच्या ऑर्डरी पोचवून आलात ना? मग बाजाररस्त्यानं फेरी मारू. परवा तुमची परीक्षा.

काकू : परीक्षेचं नाव काढू नका. दोन ब्लाऊजांना उलट्या बाह्या लावल्या मी काल. अगंबाई! हे पडद्यावर काय? बेडूक?

तायडी : खेळ आहे, काकू. बाबा खेळले. मधले सगळे बुडवले आणि कडेचे सोडून दिले.

काकू : सोडले म्हणजे मुद्दामच सोडले असणार. मास्तरांची पद्धतच आहे ती.

तायडी : कसली पद्धत?

काकू : न बोलण्याची! तू त्यांची मुलगी, तुला ठाऊक नाही? अगं, सगळीकडे चर्चा आहे. माझी भाची इथेच शिकली ना, तिनं आधीच कानात सांगून ठेवलं होतं. मावशी, मास्तर समोरचं सगळं सांगतील. खड्डा आला काकू, ट्रक थांबलाय काकू, सिग्नल पिवळा झाला काकू. पण बाजूनं कोणी घुसलं तर चकार शब्द काढणार नाहीत. तुझं तूच बघायचं. परीक्षा घेतात ते.

तायडी : बाबा, असं करता तुम्ही?

काकू : म्हणून तर इथली माणसं पहिल्या झटक्यात पास होतात. बाजूनं कोण येतंय ते बघायची सवयच लागते, मास्तर सांगत नाहीत म्हटल्यावर. मी तर डोळ्यात तेल घालून बसते बाई.

तायडी : बाबा, मी तुम्हाला विचारतेय.

बाबा : चला काकू, निघू. ऊन वाढतंय.

काकू : थांबा हो मास्तर, तिला परवाचं सांगू द्या. काय झालं सांगू? शाळेच्या मागचा तो रस्ता आहे ना, तिथून आम्ही येत होतो. काचा वर. मास्तर माझ्या शेजारी. आणि मास्तरांच्या बाजूच्या गल्लीतून एक एवढीशी पोर सायकलवर सुसाट आली. पाठीला दप्तर. माझ्या तोंडचं पाणी पळालं! दाबला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली. ती पोर मास्तरांच्या बाजूच्या आरशाला हात टेकून कशीबशी उभी राहिली, आरसा मुडपला, आणि ती रडवेलं तोंड करून मागच्या मागे फिरली. मला दरदरून घाम सुटलेला. आणि हे मास्तर! ढिम्म हलले नाहीत. मला म्हणतात, 'छान काकू, ब्रेक असाच ठाम दाबायचा.' मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं, शिकवणारा असावा तर असा. किती विश्वास माणसावर!

बाबा : कुठली पोर?

काकू : ती हो, सायकलवाली.

बाबा : कसली सायकल?

काकू : आता पुरे हं चेष्टा, मास्तर.

बाबा : काकू, मी चेष्टा करत नाहीये. कुठली सायकल?

काकू : अहो… तुमच्या खिडकीपाशी. काचेला नाक लावायचंच बाकी होतं तिनं.

बाबा : मला वाटलं तुम्ही ब्रेकचा सराव करताय.

काकू : काय सांगता!

बाबा : संध्याकाळी गाडी लावताना आरसा मुडपलेला दिसला. मी म्हटलं, कोणीतरी जाता जाता धक्का दिला असेल. सरळ केला आणि घरी आलो.

काकू : अगंबाई… म्हणजे तुम्हाला दिसलीच नाही?

तायडी : बाबा, बसा. आधी खुर्चीवर बसा.

बाबा : मला काही झालेलं नाही.

तायडी : ते मग बघू. आधी बसा.

बाबा : चिमणीची शाळा सुटायची वेळ झाली. मी तिला घेऊन येतो. स्कूटरची किल्ली कुठाय? काकू, आपण बाजाराची फेरी ती आल्यावर मारू.

तायडी : नाही!

बाबा : अगं, पोर फाटकात उभी राहील…

तायडी : राहू दे! हात लावायचा नाही त्या स्कूटरला! खबरदार!

बाबा : तू माझ्यावर ओरडलीस?

तायडी : हो, ओरडले! माझी पोर रोज तुमच्या मागे बसते, बाबा! रोज! तुमच्या कमरेला मिठी मारून, गाल पाठीला टेकवून. मी खिडकीतून बघते आणि मला वाटतं, जगात ह्याच्याइतकी सुरक्षित जागा नाही. आणि तुम्हाला खिडकीला टेकलेली मुलगी दिसत नाही!

काकू : हळू, हळू गं. पाणी दे त्यांना.

बाबा : पाणी नको. एकदा नाही दिसली, तायडे. एकदा. माणसाचं लक्ष जातं कधीकधी. मी काहीतरी विचारात असेन.

काकू : एकदा नाही हो मास्तर. मला बोलायला कसंसंच होतंय, पण तो हातगाडीवाला? आणि मंडईपाशी ती म्हैस? मी मनात म्हणत होते, मास्तर काय कसलेले आहेत!

बाबा : म्हैस?

काकू : चांगली गाडीएवढी होती.

बाबा : पण कडेला काळं नाही दिसत मला! अंधार असता तर मला कळलं नसतं का? मी काय मूर्ख आहे? मला सगळं भरलेलं दिसतं. हे टेबल, तुम्ही, ती, पडदा, सगळं.

तायडी : उठा. पडद्यासमोर उभे राहा.

बाबा : आता पुन्हा बेडूक नकोत.

तायडी : बेडूक घालवले. पडदा कोरा केलाय. मधे एक लाल ठिपका काढलाय, त्याच्याकडेच बघायचं. मान वळवायची नाही, डोळे हलवायचे नाहीत. काकू, तुम्ही त्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवा. मी ह्या पेननं अगदी कडेपासून आत रेघ ओढत आणते. रेघेचं टोक दिसलं की 'आता' म्हणा. तुम्ही म्हणाल तिथे मी थांबते.

बाबा : हे काय डॉक्टरी आहे का?

तायडी : नाहीये. पण मला आत्ताच्या आत्ता बघायचंय. तुम्ही विद्यार्थ्याला रस्त्यावर न्यायच्या आधी त्याचा पाय ब्रेकला पोचतो की नाही ते स्वतः बघता ना? तसंच.

बाबा : बरं. ओढ.

काकू : ठिपक्याकडे बघा मास्तर… हां, असं.

तायडी : ओढतेय.

बाबा : ओढ की मग.

तायडी : ओढतेय, बाबा.

बाबा : अजून सुरू नाही केलीस?

तायडी : अर्ध्यावर आलीय.

काकू : हलवू नका हो डोळे! देवा…

बाबा : आता. आता दिसली.

तायडी : ही एक बाजू झाली. आता दुसरीकडून आणते. ठिपक्याकडेच बघा.

बाबा : …आता.

तायडी : वरून.

बाबा : आता.

तायडी : खालून. काकू, मला तुमचा हात धरू द्या जरा. खालून येतेय, बाबा.

बाबा : …आता. झालं? बघू दे.

तायडी : बघा. तुम्ही जिथे 'आता' म्हणालात तिथे रेघ थांबवली. चारी टोकं जोडते आता.

बाबा : हे एवढंच?

तायडी : हो.

बाबा : एवढ्या थोरल्या पडद्यावर हे परातीएवढं?

तायडी : काकू, आता तुम्ही उभ्या राहा. तशाच. ठिपक्याकडे बघा.

काकू : मी? बरं बाई… अगं, आता. तू कडेला पेन टेकवलंस तेव्हाच दिसलं मला. ते बघ, तुझी बांगडीपण दिसतेय.

बाबा : पुन्हा करा. काकूंची दुसऱ्या बाजूनं करा.

काकू : आता. दिसलं. मास्तर, मला वाईट वाटतंय हो, पण दिसलं.

बाबा : तायडे, मी शिकवतो. लोकांची पोरं, सुना, म्हातारे आईबाप माझ्या भरवशावर गाडीत बसतात. शेजारी मास्तर आहेत, त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे, म्हणून घरचे निर्धास्त असतात. आणि मी कशावर पाय ठेवून बसलो होतो? जे दिसतच नाही त्याच्यासाठी ब्रेक कुठला दाबणार?

तायडी : तुम्हाला माहीत नव्हतं.

बाबा : ती पोर ह्यांच्यामुळे वाचली. ह्यांच्यामुळे! ज्यांना अजून तिसरा गियर सापडत नाही त्यांच्यामुळे!

काकू : सापडतो हल्ली.

बाबा : मी किती मिजाशीत बसतो शेजारी! हाताची घडी घालून! लोकांना वाटायचं मास्तर परीक्षा घेतात. आणि खरं सांगू? काकूंच्या भाचीनं मला एकदा विचारलं होतं. मास्तर, तुम्ही मुद्दाम सांगत नाही ना? मला काही कळलं नाही ती कशाबद्दल बोलतेय. पण कौतुक होतंय म्हटल्यावर मी नुसता हसलो. कौतुक कोणाला नको असतं?

तायडी : बाबा, मला पण कळायला हवं होतं. कप पडत होते, खांदे आपटत होते, आणि मी खिदळत होते.

काकू : दोघं ऐकता का माझं? माझ्या थोरल्या दिरांचं अगदी हेच झालं होतं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, पेपर वाचता येतो, म्हणून कळत नाही. हळूहळू कडेनं उसवत येतं. ते दुकानात रोज एकाच कपाटाला धडकायचे आणि कपाट कोणी सरकवलं म्हणून पोरांना शिव्या घालायचे.

तायडी : मग? बरे झाले?

काकू : गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पण जे राहिलंय ते थेंब घालून राखता येतं. त्यांचं राखलं. मात्र उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करू नका. आमच्याकडे तेच केलं. मास्तरांचं तेच आहे की दुसरं काही, मी कोण सांगणार? पण आज दाखवा.

बाबा : परत येत नाही?

काकू : मास्तर, राहिलेलं पुष्कळ आहे की. नंबरप्लेट वाचता तुम्ही.

बाबा : नंबरप्लेट वाचून काय करू, काकू? माणूस दिसला पाहिजे.

तायडी : बाबा… रडू नका हो. तुम्ही रडलात की मला काही सुचत नाही.

बाबा : भीती वाटतेय, तायडे. जे झालं नाही त्याची भीती वाटतेय. चिमणी एकदा म्हणाली, आजोबा, तुम्ही त्या काकांना कट मारलात. मी म्हटलं, कुठले काका? ती हसायला लागली. आम्ही दोघं खूप हसलो.

तायडी : पुरे. मला ऐकवत नाही.

बाबा : मला माहीत नव्हतं म्हणालीस ना आत्ता. पण मघाशी, काकूंनी सांगितल्यावरसुद्धा, मी स्कूटरची किल्ली मागितली. ती चूक माझी आहे. तू ओरडलीस ते बरं केलंस. आणखी जोरात ओरडायला हवं होतंस.

तायडी : आयुष्यात पहिल्यांदा ओरडले तुमच्यावर.

बाबा : चला. चिमणीला घेऊ आणि तसंच डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. तुम्ही दोघी फाटक लावा, मी गाडी काढतो…

तायडी : बाबा.

बाबा : हो. हो गं. जिभेला सवय आहे. तू काढ गाडी.

काकू : मी रिक्षानं जाते घरी. माझं काय, धडा उद्या होईल.

बाबा : उद्या कशाला? परवा परीक्षा आहे तुमची. ह्या शाळेत आजवर परीक्षेच्या आधीचा धडा कधी बुडला नाही. तायडीकडे शिकवायचं लायसन आहे, तिच्याकडे सकाळची तुकडी शिकतेच. ती शेजारी बसेल, तिच्या पायाखाली ब्रेक. तुम्ही चालवा. मी मागे बसतो.

काकू : तुम्हाला घेऊन? दवाखान्यात? मी? मास्तर, मला आत्ताच घाम सुटलाय!

बाबा : काकू, परवा त्या पोरीला वाचवलंत तेव्हाही सुटलाच होता की. बसा.

(तिघं गाडीत. काकू स्टिअरिंगला, तायडी त्यांच्या शेजारी, बाबा मागच्या सीटवर.)

तायडी : पट्टा लावलात, बाबा?

बाबा : लावतोय. ह्याची क्लिप कुठे आहे? मागे कधी बसलोच नाही मी.

तायडी : खाली हात घाला. मिळाली?

बाबा : मिळाली. पाय ब्रेक शोधतोय नुसता.

तायडी : दवाखान्यात फोन केलाय. आज बघतो म्हणाले. चिमणीच्या बाईंनाही कळवलंय, थोडा उशीर होईल म्हणून. तिला काय सांगू?

बाबा : मी सांगेन. आजोबांना कडेचं दिसत नाही, म्हणून ह्यापुढे रस्ता ओलांडताना तू माझा हात धरायचास. एवढंच सांगेन. तिला समजेल.

काकू : क्लच दाबला… पहिला गियर… हँडब्रेक काढला. इंडिकेटर दिला. मास्तर, काढू का गाडी? येतंय का कोणी?

तायडी : बाबा, तुम्हाला विचारतायत काकू.

बाबा : मला नका विचारू, काकू. तिला विचारा. तिला दिसतं.